ताडोब्याची बॅग भरताना या चुका टाळा

पहाटे साडेपाचला जंगलाच्या गेटवर उभं राहिलं की कोण काय विसरलंय ते विचारावं लागत नाही. खिसे चाचपतोय तो ओळखपत्र विसरलाय. हात काखेत घालून नाचतोय तो हातमोजे विसरलाय. आणि एका दुपारी पाणवठ्यावर शेजारच्या जिप्सीतल्यांना हळूच "तुमच्याकडे जादा मेमरी कार्ड आहे का हो?" विचारणारा, तो मी होतो, त्याची गोष्ट पुढे येईल.

नातेवाईक, ऑफिसमधली मंडळी, मित्रांचे मित्र अशा सगळ्यांना ताडोब्याला नेऊन आणण्यात माझी बरीच वर्षं गेली. दरवेळी महिनाभर आधी सामानाची यादी पाठवतो. लोक तिच्यावर अंगठा टेकवतात आणि वाचत नाहीत. बॅग भरताना डोळ्यांसमोर फक्त वाघ असतो. प्रत्यक्षात वाघ दिसला तर दहा मिनिटं दिसतो, उघड्या जिप्सीत मात्र चार तास बसायचं असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चुकीचं ओळखपत्र

ओळखपत्र साफ विसरणारे कमी. चुकीचं आणणारे जास्त. बुकिंग करताना ज्या कार्डाचा नंबर टाकला, तेच कार्ड आणि मूळ कार्ड गेटवर दाखवावं लागतं. झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही.

एका मार्चमध्ये आमच्या गटात एक काका होते. बुकिंग त्यांनी स्वतः केलं होतं, पॅनकार्डावर. आणलं आधार.

"साहेब, इथं पॅनचा नंबर आहे. पॅन द्या."

"अहो, पण आधार आहे ना! त्यात सगळं असतं. बोटांचे ठसेसुद्धा."

खिडकीतला माणूस शांत होता, त्याने असे रोज चार पाहिले असावेत. काकांनी आधी हुज्जत घातली, मग विनवणी केली, मग गावाकडचा कुणीतरी मोठा माणूस आठवला. मागे जिप्सींची रांग लागली होती. शेवटी काकू पुढे झाल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग आम्ही निघू का?" आणि निघाल्या. दहा वाजता परत आलो तेव्हा काकूंनी दोन बछड्यांसह वाघीण पाहिली होती आणि काकांनी सात चहा प्यायले होते. टपरीवाल्याच्या मुलीच्या लग्नाची इत्थंभूत माहिती त्यांच्याकडे होती.

माझी पद्धत साधी आहे. बुकिंग झालं की प्रिंट काढायची, तिच्यावर लाल पेनाने 'पॅन' किंवा 'आधार' मोठ्या अक्षरांत लिहायचं, आणि ते कार्ड त्याच दिवशी एका पारदर्शक पाऊचमध्ये टाकायचं. निघायच्या आदल्या रात्री नव्हे, त्याच दिवशी. आदल्या रात्री माणूस चकल्या भरत असतो.

मोबाईलवर सगळं सोपवणं

कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाईल नेता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ कुणी पुढे नेत नाही. मोबाईल गेला म्हणजे घड्याळ गेलं, टॉर्च गेला, पैसे गेले आणि बुकिंगचा मेसेजही गेला. गाईडच्या हातावर बक्षिशी ठेवायची वेळ येते तेव्हा सहा जणांत मिळून एक पन्नासची नोट निघते, तीही फाटकी. पाऊचमध्ये शंभराच्या आठ-दहा नोटा ठेवा. मनगटी घड्याळ असेल तर घाला. छोटा टॉर्च खिशात टाका, पहाटे खोलीतून जिप्सीपर्यंत जाताना पायाखाली काय आहे ते दिसलेलं बरं.

"तिथं मिळेल की" म्हणणारी एक जात असते. गेटजवळच्या मोहर्ली गावात बिस्किटं मिळतात, टोप्या मिळतात, वाघाचं चित्र असलेले टीशर्ट तर ढिगाने मिळतात. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी मिळत नाही. चंद्रपूर पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे आणि सफारी अर्ध्या तासात सुटणार असते.

मेमरी कार्ड

आता माझी लाज. मे महिना, दुपारची फेरी. सकाळी चांगले फोटो मिळाले होते, म्हणून जेवणानंतर खोलीत बसून लॅपटॉपवर ते बघत होतो. सगळा घोळ इथे होतो, सकाळ आणि दुपार यांच्या मधल्या त्या वेळात.

साडेचारच्या सुमारास एका पाणवठ्यावर थांबलो. लंगूर ओरडला, मग चितळ, म्हणजे वाघ जवळच. गाईडने बोट केलं. बांबूतून वाघीण आली, काठाशी थांबली, वळली आणि उलटी चालत पाण्यात उतरली. वाघ पाण्यात बहुधा असाच बसतो, आधी मागचं अंग, तोंड कोरडं. आमच्यापासून तिचं अंतर फार तर चाळीस फूट. कडेने तिरपं ऊन. मी बीनबॅगवर, म्हणजे कॅमेरा टेकवायच्या छोट्या भरलेल्या पिशवीवर, लेन्स टेकवली, श्वास रोखला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: कार्ड नाही.

कार्ड लॅपटॉपच्या खाचेत होतं. लॅपटॉप खोलीत होता. खोली अठरा किलोमीटरवर.

शेजारच्या जिप्सीतल्या गृहस्थांकडे जादा कार्ड होतं, पण दुसऱ्या प्रकारचं. गाईड म्हणाला, "सर, मग नुसतं बघा." वीस मिनिटं नुसतं बघितलं. हे ऐकून काही लोक म्हणतात, बरंच झालं की, स्वतःच्या डोळ्यांनी तरी पाहिलंत. त्यांना नम्रपणे सांगतो, मला फोटो हवा होता.

तेव्हापासून तीन सवयी लावून घेतल्या. कार्ड बाहेर काढलं की कॅमेऱ्याची कार्डाची झडप उघडीच ठेवायची, कार्ड आत गेल्याशिवाय ती बंद करायची नाही. जादा कार्ड ओळखपत्राच्या पाऊचमध्ये, कारण ते पाऊच विसरलं तर गेटच्या आत जाणं नाहीच. आणि खोलीतून निघताना छताच्या पंख्याचा एक फोटो. माझ्या संग्रहात वाघांपेक्षा पंखे जास्त आहेत.

"विदर्भात कसली थंडी?"

पुण्या-मुंबईची माणसं हे हमखास म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर असतो, आणि जिप्सीला ना छप्पर ना काच. गाडी वीसच्या वेगाने चालली तरी वारा कानातून शिरून दातांपर्यंत पोचतो. एकच जाडजूड जॅकेट आणणं हीदेखील चूकच, कारण नऊ-साडेनऊला ऊन चढतं आणि मग ते मांडीवर घेऊन बसावं लागतं. दोन-तीन पातळ थर घाला. कानटोपी, हातमोजे आणि जाड मोजे विसरू नका. रिसॉर्टवाल्यांकडे ब्लँकेट मागून घ्या. मागायला लाजणारे सात वाजता माझ्या ब्लँकेटचं टोक ओढत असतात.

एप्रिल-मेमध्ये याच्या बरोबर उलट. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नागपूर-चंद्रपूरकडची माणसं डोकं आणि तोंड सुती दुपट्ट्याने गुंडाळतात, ती काही फॅशन नव्हे. तुम्हीही तसंच करा. नुसत्या टोपीने भागत नाही, शिवाय ती वाऱ्याने उडाली तर आणायला जिप्सीतून उतरता येत नाही.

पाण्याचं एक स्पष्ट सांगतो. स्वच्छतागृहं ठरावीक ठिकाणीच असतात, म्हणून अनेक बायका फेरीआधी पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात हे धोक्याचं आहे. एकीला चक्कर आलेली मी पाहिली आहे. गाडी कुठे थांबेल ते गाईडला निघतानाच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्टीलची बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा. प्लॅस्टिकची बाटली घरीच राहू द्या.

बाकीचं, भराभर

दुर्बीण. दीड लाखाची लेन्स आणतात आणि दुर्बीण नाही. ८ बाय ४२ ची घ्या: आठपट मोठं दिसतं, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र काळवंडत नाही. वीसपटवाली घेऊ नका, हलत्या गाडीत तिच्यातून फक्त स्वतःचे ठोके दिसतात.

धूळ. पुढची जिप्सी सगळा रस्ता तुमच्यावर उडवते. मी कॅमेऱ्यावर उशीचा जुना अभ्रा घालतो, हजार रुपयांच्या कव्हरपेक्षा लवकर निघतो. धावत्या गाडीत लेन्स बदलू नका. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा आणाच.

बीनबॅग रिकामी न्या. गावातल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा आणि परतताना खिचडी करा.

कपडे. लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून लोक रणांगणावर निघाल्यासारखे येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघावर बंदूक रोखायचे दिवस संपले, वेश मात्र अजून शिकाऱ्याचाच. वाघाला आपल्याइतके रंग दिसतच नाहीत. मातकट, मळखाऊ काहीही चालेल. अत्तर नको, खुळखुळणाऱ्या बांगड्या नकोत.

एक्स्टेंशन बोर्ड. खोलीत चार जण, चार कॅमेरे, प्लग दोन. त्यातला एक पंख्याच्या वर.

आणि परतीची बॅग. येताना विसरलेल्या वस्तूंवर सगळे बोलतात, जाताना विसरलेल्यांवर कुणी नाही. आम्ही उतरतो तिथल्या मॅनेजरच्या टेबलात एक खण नुसत्या चार्जरचा आहे. गेल्या खेपेला त्याने तो उघडून म्हटलं, "यातले तुमचे कोणते ते बघून घ्या." दोन माझे निघाले.