हौशी खेळाडूची कारकीर्द कशी लिहून ठेवावी

उन्हाळ्यात सॉफ्टबॉल आणि हिवाळ्यात बोलिंग (लेन म्हणजे लांब पट्टीवरून चेंडू घरंगळवून पिना पाडण्याचा खेळ) लीग, असे दोन्ही खेळ वर्षानुवर्षे खेळणारे हौशी खेळाडू अमेरिकेच्या गावोगावी असतात. माझी आत्या त्यांपैकीच एक. जळगावला शाळेत ती सॉफ्टबॉल शिकली आणि लग्नानंतर न्यू जर्सीत दोन्ही खेळ मनापासून खेळली. अशा खेळाडूंची नोंद घरच्यांनी ठेवली नाही, तर ती बहुधा कुठेच उरत नाही, म्हणून तिची कारकीर्द लिहून काढताना जे उमगले ते येथे देत आहे.

प्रथम स्कोअरबुके, लीगचे साप्ताहिक तक्ते, कात्रणे आणि गणवेशातील छायाचित्रे एकत्र करावीत. आठवणी विचारायला त्यानंतर बसावे. आत्याच्या वहीत एका चौकोनात पेन्सिलीने पुसटसे ‘६-३’ लिहिले होते. सहा हा शॉर्टस्टॉपचा, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षकाचा, आणि तीन हा पहिल्या बेसवरील खेळाडूचा क्रमांक; शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि फलंदाज बाद झाला, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या चौकोनावर बोट ठेवताच तिला तो सगळा डाव आठवला.

सॉफ्टबॉलची फलंदाजीची सरासरी काढताना हिटच्या (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठल्याच्या) संख्येला ‘ॲट बॅट’च्या संख्येने भागावे; चार बॉलमुळे, म्हणजे गोलंदाजाच्या चार चुकीच्या फेकींमुळे, बेस मिळालेल्या खेपा ‘ॲट बॅट’मध्ये धरत नाहीत. खेळाडू १०० वेळा फलंदाजीला आली, त्यांत ८ वेळा चार बॉलमुळे तिला बेस मिळाला आणि ३१ हिट झाले, तर भाजक ९२ धरावा, सरासरी .३३७ येते. १०० ने भागल्यास ती .३१० दिसते आणि खेळाडूवर अन्याय होतो. संघ फास्टपिचचा होता की स्लोपिचचा, हेही नोंदवावे. स्लोपिचमध्ये चेंडू उंच कमानीतून संथ येत असल्याने तेथे सरासरी सहज वाढते.

बोलिंगमध्ये दोन हंगामांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नये, ही चूक मी स्वतः केली होती. ६६ गेममध्ये १६५ आणि पुढच्या हंगामात २१ गेममध्ये १५० असेल, तर उत्तर १५७ नव्हे. एकूण १४,०४० पिना भागिले ८७ गेम, म्हणजे १६१. प्रत्येक मोठ्या गुणसंख्येपुढे साल लिहावे. १९९० च्या दशकात रिॲक्टिव्ह रेझिनचे, लेनवर जोरात वळणारे चेंडू आले आणि गुणसंख्या वाढल्या, त्यामुळे प्लॅस्टिकच्या चेंडूने केलेले २०० आणि त्यानंतरचे २०० एका मापाने मोजता येत नाहीत. हँडिकॅपचे, म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला बरोबरीसाठी दिलेले, वाढीव गुण धरून आलेला आकडा असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

कच्चा मसुदा खेळाडूला सावकाश वाचून दाखवावा. आत्याने तो ऐकता ऐकता मला थांबवले आणि एक हिट कमी करायला लावला. त्या वेळी क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला होता, म्हणून तो हिट धरता येत नाही, असे ती म्हणाली.