पीआरआय कार्ड बसवायला निघण्याआधी

पीआरआय कार्ड म्हणजे ईपीएबीएक्समध्ये (कारखान्या-ऑफिसातली अंतर्गत टेलिफोन यंत्रणा) बसणारं, एकाच डिजिटल लाइनवर ३० कॉल नेणारं कार्ड. स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉप, कन्सोल केबल घेणारच तुम्ही. क्लॉक (बिटांची वेळ ठरवणारा ठोका) कुठून घ्यायचा, हे मात्र निघण्याआधी कागदावर लिहा. मागच्या खेपेला चिपळूणजवळच्या लोट्याच्या एका कारखान्यात माझं तेवढंच बघायचं राहिलं आणि त्यांचे फॅक्स अर्ध्यात तुटत राहिले.

लाइन देणाऱ्या कंपनीला फोन लावून विचारा: लाइन ७५ ओहमची की १२०? ७५ असेल तर दोन कोअ‍ॅक्स केबली आणि बीएनसी कनेक्टर, १२० असेल तर आरजे-४५. भलताच कनेक्टर नेलात आणि चिपळुणात मिळाला नाही, तर कुंभार्ली घाट चढून कराड गाठावं लागेल. सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी) चालू की बंद, तेही त्याच फोनवर. आणि क्लॉक.

पुन्हा सांगतो, क्लॉक. या लाइनवर स्टार्ट-स्टॉप बिट नसतात. २.०४८ मेगाबिटच्या प्रवाहात ३२ टाइमस्लॉट एकामागून एक येतात, ३२ची एक फेरी म्हणजे एक फ्रेम: शून्य नंबरचा फ्रेम ओळखायला, १६ नंबरचा सिग्नलिंगला, उरलेले ३० बोलण्याला. कुठला बिट कुणाचा, हे निव्वळ वेळेवर ठरतं. कार्ड ‘इंटर्नल’वर, म्हणजे स्वतःच्याच क्लॉकवर, राहिलं की दोन्हीकडची वेळ हळूहळू सरकते. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तरी दर अडीच सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. बोलताना जेमतेम एक ‘टक्’ ऐकू येतो, दिवा हिरवाच असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. फॅक्स मात्र तुटतो. तेव्हा एक्स्चेंजकडची लाइन मास्टर (वेळ देणारी), आपलं कार्ड स्लेव्ह (ती वेळ घेणारं). दोन ईपीएबीएक्स थेट एकमेकांना जोडत असाल तर एकाला मास्टर करावंच लागतं. दोन्ही स्लेव्ह ठेवू नका.

अर्थिंग तपासल्याशिवाय कार्डाला हात लावू नका. जांभ्यात मे महिन्यापर्यंत ओल राहत नाही आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात. अर्थपिटात आधी पाणी ओतायला सांगा. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश न्या.

कार्ड बसवण्याआधी कॉन्फिगचा बॅकअप. मग लूपबॅक (पाठवलेला सिग्नल आपल्याकडेच परत वळवून चाचणी), एक कॉल आत, एक बाहेर. कॉल लागला म्हणून निघू नका, दहा पानांचा फॅक्स पाठवून बघा. स्लिप काउंटर (गळलेल्या किंवा दोनदा आलेल्या फ्रेम मोजणारा आकडा) शून्य करा, तासाभराने पुन्हा बघा. वाढला असेल तर क्लॉकची सेटिंग उघडा, बाकी काही उसकटू नका.