दारापुढचं अंगण: मधोमध तुळस आणि दोन्ही बाजूंना सारखी झाडं

कोकणातलं अंगण देखणं दिसतं ते मोकळ्या जागेमुळे, झाडांच्या गर्दीमुळे नाही, म्हणून नर्सरीत पळायच्या आधी सुतळी, दोन-चार खुंट्या आणि थोडा चुना घेऊन बसा.

पहिलं काम मधली रेष. उंबऱ्याच्या बरोब्बर मध्यावर एक खुंटी, समोर दुसरी, सुतळी ताणायची. ती भिंतीला काटकोनात हवी, त्यासाठी भिंतीवर ३ फूट आणि सुतळीवर ४ फूट मोजा, तिरकं अंतर ५ फूट भरलं की झालं. फाटक एका बाजूला असलं तरी रेष दाराचीच धरायची.

वृंदावन ह्याच रेषेवर, दारातून दिसेल असं. प्रदक्षिणा घालता यावी म्हणून चहूबाजूंनी निदान ३ फूट सोडा, तुळशीच्या लग्नाला माणसं जमली की तेवढंही कमीच पडतं. खाली पाणी जायला भोक ठेवलंय ना ते बघाच, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजून तुळस हातची जाते.

उतार घरापासून लांब, १० फुटाला साधारण १ इंच. पागोळ्या पडतात तिथे गोटे पसरा, म्हणजे माती उडून भिंत लाल होत नाही. आणि प्लीज, सगळीकडे पेव्हर ब्लॉक नका बसवू, पाणी मुरत नाही आणि मे महिन्यात पाय ठेववत नाही! जांभ्याच्या चिऱ्यांची वाट करा, बाकी जमीन चोपून सारवा.

आता झाडं. जोडीनेच आणायची, एकाच जातीची, एकाच उंचीची. पायरीच्या दोन्ही बाजूंना तगर मस्त, कापून गोल ठेवता येते. वाटेच्या कडेला अबोली. हद्दीवर कामिनीची हेज, रोपं फूटभर अंतरावर, आणि इथे उंची वाढवायची घाई करू नका, रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आतच शेंडे खुडायला लागा म्हणजे बुडापासून फुटवे येतात, नंतर कापताना खाली रुंद वर जरा निमुळती ठेवा, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि हेज पायाशी उघडी पडते. प्राजक्त कोपऱ्यात, सडा पडायला जागा ठेवून. कण्हेर विषारी असते, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर नकोच.

लागवड पहिले एकदोन चांगले पाऊस झाले की करा, सारवण मात्र पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या आधी.