गळ्याशी आलेलं पाणी आणि एक हिब्रू शब्द

आधी माझी फजिती सांगते. कोल्हापुरात आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेत मी शिकवते. एका रविवारी मोठ्या ऐटीत फळ्यावर 'दुनामिस' लिहिलं. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे पहिल्या शतकातल्या पौलाच्या पत्रांतही, 'सामर्थ्य' म्हणून येणारा हा ग्रीक शब्द. म्हटलं, "डायनामाइट यावरूनच आलं, म्हणजे देवाचं सामर्थ्य सुरुंगासारखं!" मुलं खूश. मागच्या बाकावर निवृत्त पाळकसाहेब बसले होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, नोबेलनं ते नाव ठेवलं १८६७ साली. पौलाला कुठनं ठाऊक असणार?"

बायबलच्या मूळ भाषांच्या, हिब्रू-ग्रीकच्या, नादी लागलेला प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा पडतोच. शब्दाची फोड केली की खरा अर्थ हाती लागला, असं वाटतं. आमची काकू तांबडा-पांढरा करण्यात प्रवीण आहे. आता 'प्रवीण'च्या पोटात वीणा आहे, म्हणून काकूच्या हातात कुणाला वीणा दिसते का? 'मंडळी' म्हणजे चर्च यासाठीच्या 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचंही तेच. याची फोड 'बाहेर बोलावलेले' अशी करून त्यावर तासभर संदेश देणारे पुष्कळ ऐकलेत. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ उघडा. इफिसच्या नाट्यगृहात अर्तमी देवीच्या नावानं ओरडणारा जमाव आहे, त्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलोय तेही माहीत नाही, आणि त्या जमावालाही शब्द एक्लेसियाच. सभा, जमाव, एवढाच रोजचा अर्थ. जेम्स बार या अभ्यासकानं १९६१ साली या फोड करण्याच्या सवयीवर चांगलीच झोड उठवली होती. मला ते फळ्यावर लिहून झाल्यावर कळलं.

मग सुरुवात कुठून करायची? अक्षरांपासून. ग्रीकची २४ अक्षरं, त्यातली पाय, थीटा, लॅम्डा, सिग्मा गणिताच्या तासाला भेटलेलीच असतात. हिब्रूची २२, उजवीकडून डावीकडे. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर अडखळत का होईना वाचता येतं. व्याकरण नंतर. पण अक्षरच ओळखता येत नसेल तर शब्दकोशासमोर आपण आंधळे.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, आणि खरं तेच आहे. एक शब्द धरायचा आणि तो जिथे जिथे आलाय ती प्रत्येक जागा वाचायची. जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक आहे. आता तो फुकटच्या अ‍ॅपमध्येही मिळतो. मी पहिला धरला ५३१५ क्रमांकाचा हिब्रू शब्द, 'नेफेश'. मराठी बायबलमध्ये तो बहुधा 'जीव' किंवा 'प्राण' होऊन येतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात मावशीच्या घरात पाणी शिरलं होतं. बोटीतून बाहेर काढल्यावर तिचा फोन आला, "प्राण कंठाशी आले होते गं." त्याच आठवड्यात मी स्तोत्र ६९ वाचत होते. पहिल्याच ओळीत पाणी चढत चढत कुठवर आलंय? नेफेशपर्यंत. इथे नेफेश म्हणजे गळा! यशया ५:१४ मध्ये अधोलोक आपली नेफेश रुंद करून तोंड वासतो, तिथेही गळाच. ज्या गळ्यातून श्वास आत-बाहेर करतो, घास उतरतो, तोच जीव. जे कळायला मला कोश उघडावे लागले ते मावशी पुराच्या पाण्यातून बाहेर येऊन सहज बोलून गेली होती.

पण लगेच हुरळू नका, मी हुरळले होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जनावरंही नेफेश आहेत आणि गणना ६:६ मध्ये तर प्रेतालाही नेफेश म्हटलंय. प्रत्येक ठिकाणी 'गळा' घुसडायचा नाही, आणि सगळे अर्थ एकाच ओळीत कोंबायचेही नाहीत. प्रेमासाठीच्या ग्रीक शब्दाविषयीचं 'अगापे म्हणजे निःस्वार्थ दैवी प्रेम' हे वाक्यही वहीत लिहिण्याआधी थांबा. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याच्या, आपली सावत्र बहीण तामार हिच्याविषयीच्या वासनेला अगापेच म्हटलंय (२ शमुवेल १३:१५).

मराठी भाषांतरं दोन तरी शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, छापून निघालं. बायबल सोसायटीच्या भाषांतराशी ते जिथे जुळत नाही, तिथे बहुधा अवघड शब्द दडलेला असतो.

सध्या 'हेसेद' हा हिब्रू शब्द चालू आहे. स्तोत्र १३६ मध्ये तो २६ वेळा येतो, मराठीत 'दया'. मुलांना 'दया' म्हटलं की सिग्नलला हात पसरणारा माणूस आठवतो. म्हणून त्यांना गोष्ट सांगितली: शौल राजाचा मुलगा योनाथान आपल्या मित्राकडून, पुढे राजा झालेल्या दाविदाकडून, आपल्या घराण्यासाठी हेसेद मागून घेतो, आणि तो मेल्यावर दावीद त्याच्या लंगड्या मुलाला, मफीबोशेथाला, शोधून आपल्या पंक्तीला बसवतो. मग विचारलं, आपल्याकडे याला काय म्हणाल? सातवीतली एक मुलगी म्हणाली, "शब्दाला जागणं." मी वहीत ते लिहून ठेवलंय, पण पेन्सिलनं. या शब्दाच्या अजून दोनशेच्या आसपास जागा वाचायच्या आहेत.