होम थिएटरसाठी फिक्स्ड पडदा निवडताना

आमच्या बारा फुटी खोलीतल्या गुंडाळून ठेवायच्या पडद्याच्या कडा आत वळू लागल्या आणि कॅमेरा आडवा फिरताच इमारतींच्या सरळ रेषा लाटांसारख्या हलताना दिसू लागल्या, तेव्हा ताणून बसवलेला फिक्स्ड फ्रेमचा पडदा घेण्याचे ठरवले.

आकाराचा निर्णय हौसेपेक्षा प्रोजेक्टरवर सोपवणे बरे. माझ्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते. १६:९ प्रमाणातला १२० इंची (हे माप कर्णाचे) पडदा सुमारे १०५ इंच रुंद असल्याने त्यासाठी तेरा फूट हवे होते. १०० इंची पडद्याची रुंदी ८७ इंच असल्याने अकरा फुटांत काम भागले.

दुकानदाराचा आग्रह महागड्या एएलआर, म्हणजे खोलीतला इतर उजेड चित्रावर पडू न देणाऱ्या पडद्याचा होता. मात्र त्याने दाखवलेला प्रकार भिंतीलगत खाली ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी होता. तो वरून येणारा प्रकाश अडवतो, त्यामुळे छताला टांगलेल्या माझ्या प्रोजेक्टरचे चित्रच त्यावर मंदावले असते. गेन म्हणजे पडदा समोर किती प्रकाश परत फेकतो याचे माप. जास्त गेनचा पडदा समोरून उजळ दिसतो, पण बाजूला बसणाऱ्यांना फिका वाटतो, म्हणून १.० गेनचा मॅट पांढरा पडदा घेतला आणि खिडकीला जाड, गडद पडदे लावले.

कापड फ्रेमवर चढवताना आधी चारही बाजूंचे मध्य अडकवून मग कोपऱ्यांकडे सरकल्यास ताण सारखा बसतो. फ्रेमवरची काळी मखमल कडेबाहेर सांडणारा प्रकाश शोषून घेते. साध्या रंगवलेल्या फ्रेमपेक्षा तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, असे माझे मत आहे.