एकाच शेअरचा दीर्घकाळचा परतावा कसा मोजावा

जुन्या शेअरचा परतावा काढताना बहुतेक जण खरेदीचा आणि आजचा भाव एवढेच पाहतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकला. सोयीसाठी आजचा भाव १,५०० रुपये धरला, तर ३२ वर्षांतील वार्षिक वाढ जेमतेम ९ टक्के दिसते. हा आकडा साफ चुकीचा आहे.

भावाआधी संख्या पाहावी. वहीत तारीख, घटना आणि हाती असलेले शेअर असे तीन रकाने आखावेत. समजा, ९,५०० रुपयांत १०० शेअर मिळाले. १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर, मिळाल्याने ते ८०० झाले. २००० मध्ये दर्शनी मूल्य १० रुपयांवरून ५ रुपयांवर आल्याने, म्हणजे विभाजनाने एका शेअरचे दोन झाल्याने, १,६००. २००४ मध्ये एका शेअरमागे तीन बोनस मिळाल्याने ६,४००. आणि २००६, २०१४, २०१५ व २०१८ मध्ये दर वेळी दुप्पट होत १,०२,४००. धरलेल्या भावाने ही रक्कम १५ कोटी ३६ लाख होते. तिला ९,५०० ने भागून भागाकाराचा १/३२ घात काढावा आणि त्यातून १ वजा करावा. उत्तर सुमारे ३५ टक्के येते, तेही लाभांश न धरता. लाभांश धरायचा असेल, तर प्रत्येक रक्कम तारखेसह स्प्रेडशीटमध्ये भरून एक्सआयआरआर हे वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून वार्षिक परतावा काढणारे सूत्र वापरावे.

एक खबरदारी घ्यावी. संकेतस्थळांवरील जुने भाव बहुधा बोनस आणि विभाजनानुसार आधीच कमी करून दाखवलेले असतात; असा भाव घेतल्यास संख्या पुन्हा वाढवू नये.

या ३५ टक्क्यांवरून इतर कोणत्याही शेअरबद्दल अपेक्षा बांधणे मला अत्यंत घातक वाटते, कारण आपण विजेता निवडून मग मागे वळून मोजतो आहोत. त्याच काळात, त्याच व्यवसायातील सत्यम कम्प्युटर तितक्याच विश्वासाने सांभाळणारे लोक होते; हिशेबातील घोटाळ्याची कबुली आली त्या ७ जानेवारी २००९ या एका दिवसात त्यांच्या शेअरने तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गमावली. म्हणून आपल्या शेअरचा आकडा त्याच काळातील सेन्सेक्सच्या लाभांशासह परताव्याशेजारी मांडावा.

घरात कागदी प्रमाणपत्रे असतील, तर फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नोंदीतील आपला खाते क्रमांक, आधी तपासावा. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळतात, परंतु त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.