रोजच्या वस्तू आणि पुन्हा पुन्हा येणारा आकार : कामामागचे कारण कसे शोधावे, कसे लिहावे

प्रदर्शनाच्या अर्जासोबत कलाकाराचे निवेदन, म्हणजे आपल्या कामाविषयीचा छोटा मजकूर, जोडावे लागते आणि घरगुती वस्तूंतून काम करणारे बहुतेक तरुण तेथे ‘सामान्यातील असामान्यत्वाचा शोध’ असे काहीतरी लिहून मोकळे होतात. हे वाक्य दुधाच्या पिशव्यांना लागू पडते, बाटल्यांच्या झाकणांना पडते आणि शिंप्याकडच्या चिंध्यांनाही पडते. त्यामुळे आपण नेमकी तीच वस्तू का उचलली आणि तोच आकार शंभर वेळा का केला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ही दोन कारणे वेगवेगळी असतात व ती वेगवेगळीच शोधावी लागतात.

सुरुवात वस्तूपासून करावी. पहिल्या कामासाठी विकत आणावी लागेल अशी वस्तू टाळून, घरात आपोआप साठणारी वस्तू घ्यावी. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या दूध येत असेल, तर महिन्याला साठ पिशव्या होतात. त्या उभ्या कापून, कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात (नीट न धुतलेल्या पिशव्यांचा वास आठवड्याभरात सारे घर डोक्यावर घेतो) आणि प्रत्येकीची वहीत नोंद करावी : तारीख, कोपरा कोणी कापला, काप सरळ की तिरका. दहाबारा दिवसांत एक गोष्ट लक्षात येते. छपाई सगळ्यांवर एकच असली तरी आईचा काप, आजोबांचा काप आणि घाईत दातांनी फाडलेली पिशवी लगेच ओळखू येतात. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या वस्तूवर घरातल्या माणसांचे हात उमटलेले असतात, आणि ही वस्तू निवडण्याचे ते एक खरे, सांगता येण्याजोगे कारण आहे.

वस्तू आपल्याकडे येण्यापूर्वी कोठून आली, हाही प्रश्न विचारावा. घानात जन्मलेले आणि नायजेरियात दीर्घकाळ काम केलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणे चपटी करून तांब्याच्या तारेने जोडतात व त्यांतून भिंतभर पसरणारे पट तयार करतात. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत आणलेल्या दारूचा इतिहास त्या झाकणांत आहे, म्हणून तेथे दुसरे कोणतेही झाकण चालले नसते.

आता पुनरावृत्तीकडे वळू. येथे घाई करू नये, कारण एकच आकार पुन्हा पुन्हा करण्याची कारणे फार निरनिराळी असतात. गोधडीतला धावदोरा जुन्या लुगड्यांचे थर एकत्र धरून ठेवतो. तो थांबला तर थर सुटतील. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका हे माप असते आणि रेघ त्याच्या आधाराने वळते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० साली सुरू झाली. तेथे शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी रंगवलेल्या दोरखंडाला गाठीवर गाठ मारून, आधी रेखाटन न करता, माणसाहून उंच शिल्पे घडवीत. त्यांच्याकडे गाठ हेच बांधकाम होते. त्याच विद्याशाखेत १९७२ पासून शिकवणाऱ्या नसरीन मोहमदी पेन-पेन्सिलीने समांतर रेषा ओढत राहिल्या आणि रेषांमधले अंतर किंचित बदलून कागदावर गती आणत गेल्या. जपानच्या चित्रकार यायोई कुसामा यांचे ठिपके मात्र बालपणी दिसणाऱ्या भासांतून आलेले आहेत. म्हणजे बांधणे, मोजणे, उभारणे, गती देणे किंवा मनावरची भासांची पकड सोडवून घेणे, यांपैकी आपला आकार नेमके काय करतो, हे ठरवावे.

ठरवण्यासाठी एक प्रयोग पुरेसा आहे. नऊ पिशव्या तीन-तीनच्या ओळींत मांडून छायाचित्र घ्यावे, मग एकोणपन्नास, मग एकशे चव्वेचाळीस. कोणत्या टप्प्यावर ‘पिशवी’ दिसायची थांबून निळ्या-पांढऱ्या रंगाचा पट दिसू लागतो, तो आकडा लिहून ठेवावा. नंतर मधली एक काढून पाहावी. तिच्या जाण्याने काहीच बिघडत नसेल, तर आपण केवळ जागा भरत होतो असे समजावे.

जोडणीही कारणात भर घालते. फेव्हिकॉल या प्लॅस्टिकवर टिकत नाही. वाळल्यावर पापुद्रा सुटतो. बारीक टाक्यांनी शिवावे, तर सुईची छिद्रे एका ओळीत येऊन पिशवी तिकिटासारखी फाटते. टाके लांब ठेवून खाली जुन्या साडीचे अस्तर लावले, की पट टिकतो आणि आपण गोधडीच शिवतो आहोत हे हातालाच आधी कळते. माझ्या मते निवेदनात लिहिण्याजोगी सर्वांत भक्कम ओळ अशाच अडचणीतून मिळते.

लिहिताना पहिल्या वाक्यात वस्तू, संख्या आणि जोडणी सांगावी, पुढे ती कोठून आली ते, आणि मग आकार पुन्हा का येतो ते. दीडशे शब्द पुष्कळ झाले. मसुदा झाल्यावर प्रत्येक वाक्यात ‘दुधाची पिशवी’च्या जागी ‘काड्यापेटी’ घालून पाहावे व जे वाक्य तरीही जसेच्या तसे खरे वाटेल ते खोडावे. उरलेला मजकूर साधारण असा दिसेल : ‘आमच्या घरातील चार महिन्यांच्या २३८ दूधपिशव्या आईच्या जुन्या साडीवर धावदोऱ्याने शिवल्या आहेत. प्रत्येक पिशवीचा कापलेला कोपरा वरच्या बाजूला ठेवला आहे.’ संख्या मात्र काम भिंतीवर लावण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा मोजून घ्यावी.